मुक्या बोंडांचं झाड

कापूस वेचताना नलूचे दोन हात दोन वेगळ्या बायांचे वाटतात. डावा या झाडावर, उजवा त्या झाडावर, आणि नलू स्वतः तिसऱ्याच बाईशी बोलत असते. राळेगावच्या बाजूला वेचणाऱ्या बायांना तोटा नाही, पण बोंडाकडे न पाहता वेचणारी मी एकच पाहिली. ती माझी साळी आहे म्हणून सांगतो असं नाही. साळी नसती तरी सांगितलं असतं, फक्त तिचे टोमणे ऐकावे लागले नसते.

नलू म्हणजे माझ्या बायकोची, साधनाची, धाकटी बहीण. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत गेलो, साधना चौथीपर्यंत, आणि नलू शाळेत जायची ती सुकडी वाटायच्या वेळेला. सुकडी संपली की ही वावरात. माझे सासरे छप्पन साली नागपूरला पायी गेलते आणि बौद्ध होऊन परत आले. येताना पायात फोड आणि तोंडभर हसू, असं सासू सांगायची. सासूबाईही मोठी वेचणारीच. नलूला सगळं शिकवलं ते तिनं. पहिला धडा गालावर दिला. नलू पाचेक वर्षांची असेल, खेळता खेळता तिनं एक हिरवं बंद बोंड तोडलं आणि दातानं फोडून आत काय आहे ते पाहिलं. आईनं थापड हाणली आणि म्हणाली, "मुक्या बोंडाले हात नाई लावाचा. थे तोंड उघडन तवाच त्याच्याशी बोलाचं."

न उललेल्या बोंडाला मुकं बोंड म्हणायची ही तिची तऱ्हा. नलूनं ती उचलली. पुढं लग्न झालं, धम्मदीप आणि उर्वशी अशी दोन लेकरं झाली, ज्यांच्याकडे ती कामाला जायची त्या विमलताईंच्या वावरात तिच्या हाताखाली नवीन पोरी आल्या, त्या सगळ्यांना नलूनं हेच शिकवलं. फक्त थापड न देता. शिव्या देऊन.

नलूचा नवरा मारोती, म्हणजे माझा साडू. माणूस उंच, मुका नाही पण बंद बोंडासारखाच. जेवायला बसला की दोन शब्द बोलतो, तेही भाजीबद्दल.

मग ती वर्षं आली. त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. कशासाठी यायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी पुन्हा सांगत नाही. मी सांगतो ते वेचणाऱ्या बायांचं, जे पेपरात येत नव्हतं. अळीनं बोंडं आतून खाल्लेली. वरून हिरवीगार, आत कापसाऐवजी कुजकी कवडी. बाया सकाळी भाकर बांधून वावरात जायच्या, तासाभरात धुरा ओलांडून परत यायच्या. ज्या नलूला बोलायला तोंड कमी पडायचं ती ओसरीवर हात मांडीवर ठेवून बसलेली मी पाहिली. तिचे ते हात असे रिकामे पाहवत नव्हते. बोटं आपोआप हलायची, लुगड्याचे धागे वेचायची.

मारोती त्या काळात धनसिंगच्या गँगमध्ये लागला होता. धनसिंग आमच्याच तालुक्यातल्या तांड्यावरचा, विजेच्या मोठ्या टावरच्या कामाचा मुकादम. त्याचे गडी कमरेला पट्टा बांधून वांदरासारखे चढायचे. २००६ साली गँग हिमाचलात, किन्नौर म्हणून मुलूख आहे, तिकडं चालली. मी लग्नाच्या पंगतीचा सैपाक करायचो म्हणून धनसिंगनं मला आचारी म्हणून उचललं. साधना म्हणाली, "जा, पन नलूले संगं न्या. तुमच्या एकट्याच्या हातचं खाऊन पोरं टावरवरून उड्या टाकतीन."

धनसिंग आधी नाही म्हणाला. कँपात बाई नको. नलू त्याच्यासमोर उभी राहिली. "धनसिंगभाऊ, तुमच्या कँपात भाकर कोन थापते?"

"हा तुहा भाऊजी."

"एकदा खाऊन पाहा, मंग सांगा."

त्यानं खाऊन पाहिली. नलू निघाली. लेकरं साधनाजवळ ठेवली.

आता त्या मुलखाचं मी काय सांगू! आधी दिवसभर हिरवे डोंगर, एवढे उंच देवदार की पाहताना टोपी पडते. मग बस एका वळणावरून गेली आणि पाऊसच संपला. खरंच सांगतो, जसा धुऱ्यापाशी एकाचं वावर संपून दुसऱ्याचं सुरू होतं, तसा पावसाचा देश संपला. पुढं नुसता खडक. करडा, पिवळा, कुठं गंजासारखा लाल. खाली खोल दरीत सतलज, राखेच्या रंगाची. वर शेंड्यावर बर्फ. आणि मधे, त्या उघड्या खडकाच्या छातीवर, झाडं उभी!

चिलगोजा म्हणतात तो याच झाडाचा. तिकडची माणसं न्योजा म्हणतात. आपल्याकडं मेव्याच्या दुकानात बरणीत पाहिला असेल, लांबट, तपकिरी. मी समजायचो की वेलीला येतो. तर हे झाड! पानं सुईसारखी, तीन-तीनच्या जुडीनं. खोड असं की कोणी चुना, राख आणि शेवाळ कालवून हात फिरवला आणि अर्ध्यात सोडून जेवायला गेला. साल पापुद्र्यानं सुटते, खालून हिरवट चांदी निघते. मुळं तर मी जमिनीत गेलेली पाहिलीच नाहीत. दगडाच्या फटीत बोटं घालून धरून ठेवल्यासारखी.

नलू बसमधून उतरली आणि पहिल्या झाडापाशी जाऊन उभी राहिली. खाली वाकून तिनं माती चिमटीत घेतली. माती कुठली, चुराच. आपली काळी माती पावसात चपलेसकट पाय ओढून घेते. ही बोटांतून वाऱ्यावर गेली.

"भाऊजी, ह्याले कोनं पेरलं असन?"

"कोनं पेरते? आपोआप उगवलं."

"आपोआप त आपल्याकडे तनकट येते," ती म्हणाली आणि पुन्हा वर पाहत राहिली. "पानी नाई, माती नाई, खत नाई, फवारा नाई. अन् हे बाप्पा उभं!" त्या दिवशी तिनं भाकरी जाळल्या. गँगनं त्याही खाल्ल्या, सगळेच वर पाहत जेवत होते.

आमचा कँप गावाखालच्या सपाटीवर होता. गावाच्या वर तिकडच्या बौद्धांचं देऊळ आहे, गोंपा म्हणतात. पहिल्या सुट्टीला नलू मला ओढत घेऊन गेली. आत अंधार, तुपाचे दिवे, आणि समोर बुद्धमूर्ती, पिवळ्या धातूची, उंच. नलू दारातच थबकली. मग हलकेच म्हणाली, "पाहा नं भाऊजी. आपल्या आंदी येऊन बसले इथं."

तिथं एक म्हातारी माळ जपत बसली होती. डोक्यावर हिरव्या पट्टीची गोल टोपी, तोंडावर त्या डोंगराएवढ्याच सुरकुत्या. नलूनं पंचांग प्रणाम केला तसं तिनं डोळे उघडले.

"तुम भी?" तिनं विचारलं.

"हम भी," नलू म्हणाली.

"कब से?"

"छप्पन से!" नलू छाती काढून म्हणाली.

म्हातारी हसली. "हमको तो पता ही नहीं, कब से."

तिचं नाव भगती. त्या दिवसापासून नलूची रोज संध्याकाळी तिच्याकडं फेरी. दोघींची हिंदी ऐकून हिंदीनंच गाव सोडलं असतं, पण त्यांना एकमेकींचं सगळं कळायचं. त्यातून नलूला म्हातारीचं दुखणं समजलं. त्या गावात न्योज्याचं जंगल घरोघरी वाटून दिलेलं आहे. ज्याचा हिस्सा, त्यानं पीक उतरवायचं. पण जो घरधनी सालोसाल उतरवणार नाही, त्याचा हिस्सा पंच काढून दुसऱ्या घराला देतात. भगतीचा नवरा वारला होता. मुलगा खाली शहरात नोकरीला, त्याला डोंगर नको होता. हिचे गुडघे गेलेले. मागची दोन सालं तिचं पीक झाडावरच राहिलं. यंदाही राहिलं तर हिस्सा तिच्या पुतण्याला जाणार होता. त्यानं मागणी घातलीही होती.

"काकी बूढ़ी हुई, पेड़ों का क्या करेगी, बोलता है," भगती नलूला म्हणाली. "आदमी गया, बेटा गया. मेरे ससुराल में अब वो पेड़ ही बचे हैं."

नलू लगेच म्हणाली, "हम उतारेगा. हम वेचनेवाला है!"

म्हातारीनं अंगणातून काठीनं ओढ्यापलीकडचा उतार दाखवला, तिथून तिथपर्यंत. एक लांब बांबू दिला, टोकाला लोखंडी आकडा असलेला. गोण्या दिल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंच जंगल बंद करणार, त्याच्या आत उतरवायचं, एवढं सांगितलं. आणि ती निश्चिंत मनानं खालच्या गावी बहिणीच्या बागेत सफरचंदांच्या पेट्या भरायला गेली.

इथं आमचं चुकलं. आणि कसं चुकलं पाहा, अडाणीपणानं चुकलं असतं तर एक गोष्ट. नलू चुकली ती शहाणपणानं.

रोज गड्यांना सकाळचं खाऊ घातलं की मी आणि नलू आकडा घेऊन वर. मारोती टावरवर. उतार असा की एक पाय ठेवला की दुसरा घसरतो. झाडाखाली पोचलो, वर पाहिलं. फांद्यांच्या शेंड्यांना फळं होती, मुठीपेक्षा मोठी, अननसाच्या पिलासारखी, खवल्याखवल्यांची. हिरवी. बंद. त्यांतून राळ गळत होती. मी आकडा लावला तशी नलू ओरडली.

"थांबा! काय करून राह्यले?"

"उतरवतो नं."

"डोये फुटले काय तुमचे? मुकं हाये थे. उललं कुठं?"

मीही पाहिलं. खरंच, एकही उललेलं नव्हतं. आयुष्य कापसात गेलेला माणूस, मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आम्ही उतारभर हिंडलो, उन्हाच्या बाजूला कुठंकुठं एखादं फळ तोंड उघडून होतं, तेवढं घेतलं. त्यातलं बीही अर्धं गळालेलं. दुसऱ्या दिवशी तेच. शेजारच्या हिस्स्यातली माणसं हिरवी फळं धपाधप पाडत होती, आणि आम्ही दोघं खडकावर बसून त्यांची कीव करत होतो!

"कच्चं झोडपून राह्यले बापा," नलू म्हणायची. "घाई कायची हाये यायले? पाहा, आपलं दसऱ्यापावतर असं पांढरं फुटन!"

न्योजा पांढरा फुटत नाही हे तिलाही ठाऊक होतं. तोंडात सवयीनं आलं.

झाडावर मात्र एक ठिपक्याठिपक्यांचा तपकिरी पक्षी यायचा, लांब चोचीचा. बंद फळावर बसून खवल्यात चोच घालायचा आणि बी काढून घ्यायचा, एकामागून एक. आम्ही कौतुकानं पाहायचो. पाखराला जे कळत होतं ते आम्हाला कळलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दिवस कलायच्या आत, भगती परतली. अंगणात फळांची रास असेल म्हणून आली, तर कोपऱ्यात अर्धी टोपली. ती ओट्यावर बसली. नलू तिला समजावू लागली, "कच्चा है आजी, अभी मुँह नहीं खोला. हम कच्चा नहीं तोड़ता."

म्हातारीनं टोपलीशेजारी पडलेलं एक बंद फळ उचललं. आमच्या हातून चुकून पडलेलं होतं ते. चुलीतले निखारे पुढं ओढले आणि फळ त्यांच्या कडेला उभं केलं. आम्ही तिघंही पाहत बसलो. आधी राळ तडतडली, असा वास सुटला की डोळे मिटावेत. मग एक बारीक आवाज. टक्. एक खवला सुटला. मग शेजारचा. मग खालचा. हळूहळू सगळं फळ अंग मोडून आळस दिल्यासारखं उघडलं, आणि एकेका खवल्याखाली दोन दोन दाणे, भरलेले, तपकिरी, पिकलेले. पाखरांना, वाऱ्याला, कोणाला न दिलेले.

"पेड़ पर खुलने दो तो पंछी ले जाता है, पहाड़ ले जाता है," भगती म्हणाली. "इसलिए बंद उतारते हैं. ढेर करके रखते हैं. घर में खुलता है."

नलूनं ते गरम फळ पदरात धरलं. तिचं तोंड पाहण्यासारखं होतं. आपली चूक कळल्याची लाज होती, पण तिच्यावरही चढून वेगळंच काहीतरी. "भाऊजी," ती म्हणाली, "हे मुकंच पिकते जी! आतल्या आत!"

मग एकदम तिला म्हातारी दिसली. भगती ओढ्यापलीकडं पाहत होती, जिथं तिची झाडं संध्याकाळच्या उन्हात तांब्याची झाली होती. मधे फक्त उद्याचा दिवस होता.

नलू उठली ती थेट कँपात. गडी हातपाय धूत होते. उद्या दसरा, टावरला सुट्टी. आम्हा बौद्धांची विजयादशमी, तीही पन्नासावी. नागपूरला लाखो लोक जमणार आणि आपण इथं, म्हणून पोरं आधीच हिरमुसली होती. दुपारी कोंबडी शिजवून मन रमवायचं ठरलं होतं.

"धनसिंगभाऊ," नलू म्हणाली, "उद्या तुमची पोरं मले पायजेत. पट्ट्यासकट."

सगळी हकिगत ऐकून धनसिंगनं मिशीवरून हात फिरवला. "नलूबाई, टावरवर चढलं त मले मजुरी भेटते. झाडावर चढून काय भेटन?"

"भाऊजीच्या हातची कोंबडी चुकन."

गँग खो खो हसली. उकंडा म्हणून एक पोट्टा होता, सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत आगाऊ. तो म्हणाला, "मुकादम, एवढ्यासाठी त मी बर्फावरबी चढतो!" मी कढई आपटली. माझ्याकडं कोण पाहतं.

आणि मारोती, जो भाजीशिवाय बोलत नाही, तो म्हणाला, "माह्या बायकोनं म्हातारीले शबूद देल्ला हाये. मी एकटा असलो तरी जातो." असं लांब वाक्य त्यानं लग्नातही म्हटलं नसेल. धनसिंग मिशीतून हात काढून म्हणाला, "जा रे बापा, सगळेच जा. दसऱ्याले तसंबी सोनं लुटाचंच असते."

सकाळी उजाडताच आम्ही पांढरे कपडे घालून कँपात त्रिशरण-पंचशील घेतलं. तांड्यावरची पोरंही मागं हात जोडून उभी होती. मग पांढऱ्यावर पट्टे बांधून सगळे वर. मी ते दृश्य डोळे मिटेपर्यंत विसरणार नाही. वर बर्फ, खाली दरी, मधे ती चांदीच्या खोडांची झाडं, आणि त्यांच्या फांदीफांदीवर आपली राळेगावची पोरं! ज्यांनी निंबाहून मोठं झाड चढलं नव्हतं, ती लोखंडावर शिकून इथं आली होती. फळं धप धप पडत होती, उतारावरून गडगडत होती. मी खाली दगडांचा बांध घालून अडवत होतो. राळेनं हात असे चिकटले की नाक खाजवायची सोय राहिली नाही.

उन्हं वर आली तशी घाई सुरू झाली. झाडं पुष्कळ होती. फळं अगदी टोकाला, तिथपर्यंत पोचायला वेळ जाई. उकंड्यानं युक्ती काढली. पायानं जोर देऊन फळांनी लदलेली फांदीच मोडली. कड्! एका झटक्यात फळांचा घोस खाली.

"बस झालं काम!" तो वरून ओरडला. "अशा मोडल्या त जेवाच्या आंदी सप्पा साफ!"

धनसिंगही म्हणाला, "बरं बोलते पोट्टा. शेजारच्यायनंबी तसंच केलं, पाहा."

खरंच, शेजारच्या हिस्स्यातली, म्हणजे पुतण्याच्या मजुरांनी उतरवलेली झाडं जागोजाग थोटी झाली होती. नलू पडलेल्या फांदीपाशी गेली. तिनं ती हातात घेऊन फिरवली आणि थांबली. मोठ्या फळांच्या पुढं, अगदी शेंड्याला, बोराएवढी इवलीशी फळं होती. घट्ट, जांभळट.

आता हे कापसाच्या माणसालाच पटकन दिसावं. कापसाच्या एकाच झाडावर उललेलं बोंड असतं, त्याच्याशेजारी हिरवं बोंड, फूल, आणि अजून फूलही न झालेली पाती. वेचणारीचा हात उललेलं उचलतो आणि पातीला धक्काही लावत नाही. पाती झडली म्हणजे पुढची वेचणी झडली.

"खाली उतर रे मुडद्या!" नलू अशी ओरडली की पाखरं उडाली. "पाती मोडली तू! हे पुढच्या सालचं हाये!"

"नलूबाई," धनसिंग म्हणाला, "आज सरलं नाई त म्हातारीले पुढचं सालच भेटनार नाई. मंग कोनासाठी ठेवतं?"

बरोबर होतं त्याचं. ओढ्यापलीकडच्या अंगणात भगती एवढीशी दिसत होती. फांद्या मोडल्या तर दिवस मावळायच्या आत सगळी झाडं होणार होती. नाही मोडल्या तर वरची रांग राहणार होती, आणि उद्या पंच म्हणणार होते की काम अपुरं. नलूनं ती फांदी खाली ठेवली नाही. म्हणाली, "ज्याच्या वाट्याले जाईन त्याच्या वाट्याले जाईन. झाडानं काय केलं? एकेक फळ हातानं पिरगाळून काढा. फांदी मोडली त पंगतीतून उठवीन."

आणि काय सांगू, तसंच केलं पोरांनी. पोटावर आडवं होऊन, हात लांबवून, एकेक फळ पिरगाळत. नलू खालून या झाडाकडून त्या झाडाकडं. "पाती सांभाळ, ए मारोती, तुह्या कोपराखाली पाती हाये!" नवऱ्याला नावानं हाक मारत होती भर डोंगरात. तो हूं हूं करत होता. अंधार पडला तेव्हा पाठीवर गोण्या घेऊन आम्ही उतरलो. वरच्या रांगेतली झाडं राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी पंच आले. भगतीचं अंगण फळांनी भरलेलं होतं, हिरवा ढीग तिच्या खांद्याला लागत होता. पण त्यांनी ढिगाकडं धड पाहिलंही नाही. ते ओढा ओलांडून झाडांकडं गेले. आम्ही मागं. पुतण्या पुढं. त्यानं लगेच काठी वर केली. "ऊपर की लाइन देखो. वैसी की वैसी है. काकी से नहीं हुआ."

सगळ्यांत म्हातारे जे पंच होते, ते वरच्या रांगेकडं पाहत राहिले, मग खालच्या झाडाखाली आले. मान मागं टाकून, टोपी हातात धरून, बराच वेळ. दुसऱ्या झाडाखाली गेले. तिसऱ्या. प्रत्येक शेंड्यावर ती बोराएवढी फळं जशीच्या तशी उभी होती.

"किसने उतारा?" त्यांनी विचारलं.

नलू पुढं झाली. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, "हम. थोड़ा रह गया. हमारी गलती. आजी का नहीं."

"डाल क्यों नहीं तोड़ी? जल्दी हो जाता."

नलूला हिंदी सापडेना. तिनं दोन्ही हात पुढं केले, राळेनं काळे झालेले. एका हातानं हवेतलं मोठं फळ काढलं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या शेजारचं लहान झाकलं.

म्हातारे पंच हसले. मग पुतण्याकडं वळून म्हणाले, "चल, तेरे हिस्से में चल. अगले साल का एक दाना दिखा दे मुझे, तो काकी का भी तेरा."

पुतण्या जागचा हलला नाही. काठी मात्र खाली आली.

"ऊपर के पेड़ पंछियों के," पंच म्हणाले. "हिस्सा भगती का."

नलू मला मागं टाकून धावत खाली गेली, ओढा ओलांडून अंगणात. आम्ही पोचलो तोवर दोघी निघाल्याही होत्या. गुडघे गेलेली म्हातारी नलूच्या खांद्यावर हात टाकून चढत होती, दोन पावलं, मग थांबा, मग दोन पावलं. मारोती मागून आधाराला. पोचायला किती वेळ लागला ते कोणी पाहिलं नाही. पहिल्या झाडापाशी आल्यावर तिनं खोडावर हात फिरवला, सुटलेला सालीचा पापुद्रा काढून हातात ठेवला. मग पुढच्या झाडापाशी. प्रत्येकाला हात लावला.

"आजी, कितने साल का है ये?" नलूनं विचारलं.

भगती खोडाला टेकून श्वास घेत होती. "मेरी सास जब ब्याह के आई," ती म्हणाली, "तब भी इतना ही था."

नलूनं वर पाहिलं. मीही पाहिलं. वारा त्या सुयांतून जात होता, आणि नलूनं राळेनं काळे झालेले दोन्ही हात त्या खोडावर टेकवले.